पितळखोऱ्याचं पाणी

सुट्टीत पुण्या-मुंबईचे नातेवाईक आमच्याकडे देवपूरला आले की पहिला दिवस मजेत जातो. एकवीरा देवीचं दर्शन होतं, पांझरेचा पूल ओलांडून आग्रा रोडला चक्कर होते, रात्री वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर प्रश्न येतो, "मग, इथं जवळपास बघण्यासारखं काय?" घरातले सगळे एका सुरात अजिंठा म्हणतात. मी मात्र त्यांना आधी चाळीसगावकडे, पाटण्याच्या रस्त्याला लावतो. अजिंठ्याला जायचंच आहे, पण पितळखोरं बघून मग अजिंठ्याला गेलेला माणूस तिथं जास्त वेळ थांबतो, हा माझा अनुभव आहे.

गेल्या वर्षी भाचा बरोबर होता, सातवीतला. आदल्याच सुट्टीत तो आंध्रातल्या बोर्रा गुहा पाहून आला होता. पितळखोऱ्याच्या लेण्यात शिरल्या शिरल्या त्यानं मान वर करून विचारलं, "मामा, लोंबणारे दगड कुठे आहेत?" प्रश्न अगदी नेमका होता. खानदेशातला कुठलाही डोंगर समजून घ्यायचा तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

बोर्रा काय किंवा आंध्रातलीच बेलम काय, त्या चुनखडीच्या गुहा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि फटींमधून झिरपताना चुनखडी विरघळवत जातं. हजारो, लाखो वर्षांत डोंगर आतून पोखरला जातो. मग तेच चुन्याचं पाणी छतावरून थेंबथेंब गळतं, प्रत्येक थेंब मागं चुन्याचा कण ठेवतो आणि ते लोंबणारे दगड तयार होतात. अमेरिकेतल्या मॅमथ गुहेचे मोजलेले रस्तेच 600 किलोमीटरच्या वर आहेत. स्लोव्हेनियातल्या पोस्तोयना गुहेत 1872 पासून पर्यटकांसाठी रूळगाडी आहे. तिथं सगळी कारागिरी पाण्याची. माणसानं फक्त दिवे लावले आणि तिकीटखिडकी उघडली.

आपल्याकडे चुनखडी नाही. सातमाळा-अजिंठ्याची रांग, लळिंगचा डोंगर, गाळण्याचा किल्ला, सगळा काळा बसाल्ट आहे, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून थरावर थर वाहून आलेला लाव्हा. हा दगड पाण्यात विरघळत नाही. म्हणून खानदेशात गुहा पाहायच्या म्हणजे बहुतेक वेळा माणसानं छिन्नीनं कोरलेलं काही तरी पाहायचं. मराठीत त्याला वेगळा शब्दच आहे, लेणं. संस्कृतातल्या 'लयन' म्हणजे निवासस्थान या शब्दाशी त्याचं नातं सांगतात. आणि आपल्या बोलण्यात लेणं म्हणजे दागिनाही. डोंगराच्या अंगावर घातलेला दागिना ही कल्पना मला फार आवडते.

पण विरघळत नाही म्हणजे बसाल्टला पाण्याची भीती नाही असं मुळीच नाही. पितळखोऱ्यात हेच दिसतं, आणि तेच दाखवायला मी पाहुण्यांना तिथं नेतो.

धुळे-चाळीसगाव हा रेल्वेचा छोटा फाटा 1900 साली सुरू झाला. मुलं बरोबर असली तर मी मुद्दाम गाडीनंच जातो. शिरूड, जामदा अशी स्टेशनं मागं टाकत, कपाशीच्या शेतांमधून ती जाते. चाळीसगावहून पाटणं अठराएक किलोमीटर. गाव सोडलं की समोर डोंगरांची भिंत उभी राहते आणि रस्ता गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या झाडीत शिरतो. औट्रम हा जेम्स औट्रम. 1825 च्या सुमारास धरणगावला भिल्ल पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी. कन्नडच्या घाटाला त्याचं नाव पडलं आणि पुढं अभयारण्याच्या नावातही ते राहिलं.

पाटण्याला लोक चंडिकादेवीच्या दर्शनाला येतात. नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते. देऊळ सुंदर आहे, तारेच्या आकाराच्या कोनाकोनांच्या भिंती उन्हात एकाच वेळी उजळ आणि काळ्या दिसतात. पण या गावानं जगाला दिलेली मोठी गोष्ट एका शिलालेखात आहे. 1865 मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. शके 1128, म्हणजे इसवी सन 1207 चा हा लेख. 'लीलावती' आणि 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं इथं मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्या मठाला उत्पन्न लावून दिलं. भास्कराचार्य स्वतः आपल्या गावाचं नाव विज्जडवीड सांगतात. ते विज्जडवीड नेमकं कुठलं यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे आणि तो चालू राहील. पण आठशे वर्षांपूर्वी गणिताचा अभ्यासक्रम चालवण्यासाठी डोंगराच्या पायथ्याशी मठ होता आणि त्याचा खर्च कोण भागवत होतं, हे दगडावर लिहिलेलं आहे. त्यात वादाला जागा नाही.

खर्च कोण भागवत होतं, ते लेखाच्या शेवटी येतं, आणि तिथं संस्कृत थांबून मराठी सुरू होते. बाजारात येणाऱ्या मालाला त्यात 'केणें' म्हटलं आहे. त्या केण्यावर राजाला गिऱ्हाइकाकडून जे मिळायचं, ते मठाला दिलं. गावात जेवढे घाणे चालतील तेवढ्यांनी दर घाण्यामागं पळीभर तेल द्यायचं. मला या पळीचं फार अप्रूप वाटतं. आमच्या आजीच्या घरी तेलाच्या बुधल्यात पळी असायची, तोच शब्द. राजाचं दान, ग्रहगणित, सिद्धान्त, सगळं संस्कृतात. पण तेलाचा हिशेब आला तेव्हा घाण्यावरच्या माणसाला कळेल असं लिहावं लागलं. रात्री मठातला दिवा त्या तेलावर जळत असणार आणि त्या उजेडात कुणी तरी लीलावतीतलं उदाहरण सोडवत असणार.

पाटण्याहून पितळखोऱ्याला पायवाट वर चढते. सोबत वनखात्याचा किंवा गावातला वाटाड्या घ्यावा. वाटा फुटतात आणि जंगल खरं जंगल आहे. चढ सुरू होण्यापूर्वी ओढ्याकाठी एक आजीबाई शेळ्या घेऊन बसल्या होत्या. "कथा चालनात भाऊ?" म्हणाल्या. सांगितलं. त्यावर त्या भाच्याच्या हातातल्या अर्ध्या बाटलीकडे बघून म्हणाल्या, "वरे पानी नही शे. बाटली भरी ल्या." आम्ही मुकाट्यानं मागं फिरून बाटल्या भरल्या.

ज्यांना चढ नको त्यांनी कन्नडच्या बाजूनं पठारावर गाडी न्यावी आणि पायऱ्यांनी दरीत उतरावं. लेणी तशी कन्नड तालुक्यातच मोडतात. पण खालून चढून गेलं की एक गोष्ट पायांना कळते, हा घाट आहे. पैठणहून उत्तरेला उज्जैनकडे आणि पश्चिमेला भडोचकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांचे तांडे ही डोंगररांग ओलांडून खानदेशात उतरत. बौद्ध भिक्षूंनी एकांत शोधला तो अशा ठिकाणी, जिथून रस्ता हाकेच्या अंतरावर होता. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात इथं छिन्नी चालू झाली. अजिंठ्याचा सगळ्यात जुना भागही साधारण त्याच काळातला.

दरीच्या एका अंगाला नऊ आणि समोरच्या अंगाला उरलेली, अशी चौदा लेणी. तिसरं लेणं चैत्यगृह आहे. एकेकाळी त्यात सदतीस अष्टकोनी खांब होते. आत उभं राहून थोडा वेळ डोळे सरावू द्यावेत. मग खांबांवर रंग दिसू लागतो, लाल, पिवळसर, मधेच एखाद्या बुद्धाचा खांदा, एखादं प्रभामंडळ. ही चित्रं खांबांपेक्षा कित्येक शतकं नंतरची. म्हणजे मधल्या काळात लेणं ओस पडलं असलं तरी विसरलं गेलं नव्हतं. कुणी तरी परत आलं आणि जुन्या दगडावर नवा गिलावा चढवून चित्रं काढली. मधोमध स्तूपाचा फक्त तळ उरला आहे. तळ खडकातला, वरचा भाग बांधीव होता, तो पडून गेला.

खांबांवर ब्राह्मी अक्षरं आहेत. एक खांब पैठणच्या मितदेवाचा, तो गंधिक घराण्यातला, म्हणजे अत्तर-सुगंधाचा व्यापारी. दुसरा पैठणच्याच संघकाच्या मुलांचा. शेजारच्या चौथ्या लेण्यात राजवैद्य मगिलाचं आणि त्याच्या मुलामुलीचं नाव आहे. म्हणजे हा डोंगर कुणा एका राजानं कोरून घेतला नाही. एकेक खांब, एकेक भिंत कुणी तरी आपापल्या कमाईतून दिली. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या पावतीवर आपण नाव लिहून घेतो, तसंच हे. पाटण्याच्या घाण्यावरची पळी आणि इथला अत्तरवाल्याचा खांब यांच्यामध्ये चौदाशे वर्षं आहेत, पण रीत तीच.

आता चौथं लेणं. त्याच्या समोर मी पाहुण्यांना नेहमी बसवतो. जोत्यावर हत्तींची रांग आहे, नऊ हत्ती, जणू सगळा विहार पाठीवर घेऊन उभे. काहींची तोंडं तुटली आहेत. त्यांच्या बाजूनं पायऱ्या वर चढतात, दाराशी भाले-ढाली घेतलेले द्वारपाल. त्यांच्या अंगरख्याच्या चुण्या आणि चेहऱ्यावरचं स्मित अजून स्पष्ट आहे. टॉर्च समोरून मारू नका. दगडाच्या बाजूला धरून तिरपा उजेड टाका. सावल्या पडतात आणि जे सपाट वाटत होतं त्यातून एकदम घडी, दागिना, बोटं वर येतात. भाचा दहा मिनिटं हाच खेळ करत बसला होता.

पाण्याची गोष्ट याच दाराशी आहे. बसाल्टचे थर एकमेकांवर बसलेले, पण दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा असतो. आधीचा लाव्हा थंड झाला, उन्हापावसात त्याचा वरचा थर कुजून माती झाली, मग नव्या लाव्ह्यानं ती भाजून झाकली. वरून झिरपणारं पाणी लाव्ह्याच्या भेगांतून खाली येतं, या चिकण पट्ट्यावर अडतं आणि आडवं सरकत कड्यातून बाहेर पडतं. डोंगरातले बरेचसे झरे असे असतात. भिक्षूंनी लेणी कोरायला जागा निवडली ती पाणी मिळेल अशीच. पण तेच पाणी छताच्या भेगांतून आत येणार हेही उघड होतं.

त्या कारागिरांनी काय केलं, तर भेगांतून येणारं पाणी खडकातच कोरलेल्या तिरप्या नळीत घेतलं आणि दाराजवळ पाच फण्यांच्या नागाच्या फण्यांतून बाहेर काढलं. फण्यांना आरपार भोकं आहेत. पावसाळ्यात विहारात येणाऱ्याच्या शेजारी पाच धारा पडत असतील. गळतीचं त्यांनी कारंजं केलं! बाकीचं पाणी वाहून न्यायला खाली पाट काढले. मला हे अजिंठ्याच्या कुठल्याही चित्राइतकंच मोठं वाटतं. आमच्या पांझरेवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत, नदीचं पाणी पाटानं एका फडातून दुसऱ्या फडात जातं आणि पाटकरी ते वाटून देतो. खानदेशच्या माणसाला पाण्याला वळण लावण्याची हौस जुनीच आहे.

तरीही शेवटी पाणी जिंकलं. इथला थर अजिंठ्यापेक्षा ठिसूळ होता. भेगा रुंदावल्या, लेण्यांची दर्शनी बाजू कोसळली, हत्ती-यक्षांसकट कित्येक शिल्पं ढिगाऱ्याखाली गेली. 1950 च्या दशकात पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी हा ढिगारा उपसला तेव्हा ती बाहेर आली. त्यात एक यक्ष होता. पोट सुटलेला, डोक्यावर घमेल्यासारखं पात्र धरलेला, आणि चेहऱ्यावर असं हसू की बघणाराही हसतो. त्याच्या हातावर कोरलं आहे की हा कण्हदास नावाच्या सोनारानं घडवला. सोनारानं! म्हणूनच त्याच्या गळ्यातल्या दागिन्याचा मणी न् मणी सुटा दिसतो. प्राचीन भारतात कारागिराचं नाव असं क्वचित सापडतं. आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दिल्लीला गेलात तर त्याला आवर्जून भेटा, आपल्या बाजूचा आहे.

पितळखोऱ्याचं नावही जुनं असावं. 'महामायूरी' या बौद्ध ग्रंथात 'पितंगल्य' नावाच्या ठिकाणाचा यक्ष येतो आणि ते ठिकाण हेच, असं देशपांडे यांनी मांडलं. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलातलं 'पेट्रिगल'ही याच्याशी जोडलं जातं.

हे सगळं डोळ्यांत घेऊन अजिंठ्याला गेलं की पाहणं बदलतं. चित्रांची माहिती ठिकठिकाणी मिळते, ती मी पुन्हा सांगत नाही. पण चोविसाव्या लेण्यात नक्की जा. गाईड सहसा तिथं नेत नाहीत, कारण ते अर्धवट राहिलेलं आहे. तिथं कोरण्याची रीत उघडी पडते. आधी छत. वरून खाली काम होत असल्यामुळं मचाण बांधावं लागत नाही. मग खांबांच्या जागी दगडाचे ठोकळे सोडून मधला खडक खंदकासारखा काढत जायचं. टाकीचे घाव भिंतीवर अजून ताजे वाटतात, बोट ठेवलं तर बोट खाचेत बसतं, पण ठेवू नका. गवंड्याची भिंत चुकली तर पाडून परत बांधता येते, इथं एकदा उडालेला टवका परत लागत नाही.

दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं 28 एप्रिल 1819 या तारखेसह नाव कोरलं आहे. शिकारीला आला होता, समोरच्या कड्यावरून त्याला लेण्याची कमान दिसली. पुस्तकांत त्याला शोध म्हणतात. आसपासच्या गावांना लेणी ठाऊक होतीच. ते नाव बघितलं की पितळखोऱ्यातला मितदेवाचा खांब आठवतो. दोघांनीही खांबावर नाव ठेवलं, पण एकानं आधी खांब दिला होता. आजही कुणी खडूनं, किल्लीनं नाव कोरताना दिसला तर मी त्याला थांबवतो आणि मितदेवाची गोष्ट सांगतो. बहुतेक जण ऐकतात.

अजिंठ्याचा आणखी एक धागा खानदेशात येऊन मिळतो. मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल 1844 पासून वर्षानुवर्षं इथं राहून चित्रांच्या नकला करत होता. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या आणि 1866 च्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून पुन्हा नकला केल्या, 1885 मध्ये त्यातल्याही बऱ्याच लंडनच्याच आगीत गेल्या. गिल 1879 मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. भुसावळ जंक्शनला गाडी बदलायला तासनतास थांबलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल? मलाही चाळिशी उलटल्यावर कळलं.

घरी परतताना वेळ असेल तर लळिंग चढावा. धुळ्याच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर, महामार्गाला लागूनच. मलिक राजा फारुकीला 1370 मध्ये फिरोजशहा तुघलकाकडून थाळनेरचा मुलूख मिळाला आणि खानदेशचं राज्य उभं राहिलं. 1399 मध्ये तो गेल्यावर थोरला मुलगा नासीर लळिंगला बसला, धाकटा थाळनेरला. गडावर वाड्यांचे अवशेष मोडके आहेत, पण खडकात खोदलेली टाकी पाहण्यासारखी. लेणी कोरणाऱ्यांच्या आणि गड बांधणाऱ्यांच्या मध्ये दीड हजार वर्षं गेली तरी डोंगरावर पहिलं काम तेच, पाणी धरून ठेवणं.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. सप्टेंबर ते नोव्हेंबर हे दिवस सर्वांत चांगले, ओढे वाहते असतात आणि गवत हिरवं. मुसळधार पावसात पितळखोऱ्याच्या दरीत उतरू नये, पाणी बघता बघता चढतं. अजिंठा सोमवारी बंद असतो. जळगावहून साठेक किलोमीटर, आणि फर्दापूरच्या तिठ्यावर आपली गाडी ठेवून पुढं बसनं जावं लागतं. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, म्हणून धूर, फटाके, आरडाओरडा आणि उग्र अत्तर नको. मितदेवाचा माल घरी ठेवूनच निघावं.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही पाटण्याला उतरलो तेव्हा त्या आजीबाई शेळ्या वळवून निघण्याच्या तयारीत होत्या. आमच्या रिकाम्या बाटल्या त्यांना लांबूनच दिसल्या असाव्यात.

"वरे पानी भेटनं का?" त्यांनी विचारलं.

"नाही आजी," भाचा म्हणाला, "पण पूर्वी होतं. नागाच्या फण्यांतून यायचं. पाच धारा."

त्या थांबल्या. काठी बगलेत धरून त्यांनी डोंगराकडे तोंड करून हात जोडले, आणि मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "बठ आठे. माले नीट सांग."

तो ओढ्याकाठच्या दगडावर बसला आणि भोकं कुठे होती, नळी कशी तिरपी होती, ते काडीनं वाळूवर काढून दाखवू लागला.